खाडीपलीकडचं दूध आणि घरची पेज

वर्षभर मी रोज खाडीपलीकडून दूध आणलं. म्हशीचं नव्हे, माझंच. हे मी लग्नकार्यात, बाजारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुणी विचारलेलं नसतानाही सांगते आणि माझा नवरा दर वेळी छताकडे बघायला लागतो. त्याला बघू दे. लोक पोरांच्या मार्कांच्या फुशारक्या मारतात, मी दुधाच्या मारते.

आमचं घर मुरुडला, नारळ-सुपारीच्या वाडीत. माझी शाळा दिघीला. मधे खाडी. घरापासून आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत स्कूटर, तिथून बोट, आणि पलीकडे उतरलं की दहा मिनिटं चालत शाळा. तिथे मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा लेक सहा महिन्यांची होत आली होती. तिला दोन वर्षांपर्यंत पाजायचं आणि नोकरीही सोडायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवल्या ठरवल्या सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. ही माझी जुनी खोड. एकदा बोलून बसले की मागे फिरायला मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीला आतून कडी लावायची, हात स्वच्छ धुवायचे आणि हातानंच दूध काढायचं. समोरच्या कपाटात प्लॅस्टिकचं हृदय आणि बरणीतला एक जुना बेडूक. पहिल्या दिवशी त्या बेडकासमोर मला रडू कोसळलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची सवय झाली, आणि पुढे पुढे तर मी त्याच्याशी मुख्याध्यापकांबद्दल बोलायलाही लागले. दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, डबे पिशवीत घट्ट बांधून मोठ्या थर्मासमध्ये, आणि भोवती बर्फ. बर्फ जेट्टीवरचा, मासळीत घालतात तोच. सकाळी बोटीत चढण्याआधी घ्यायचा. त्यामुळे माझ्या अंगाला कायम बाजाराचा वास यायचा आणि आठवीतली मुलं आज डब्यात कोणती मासळी आहे ते विचारायची.

आणलेलं दूध घरी फ्रीजमध्ये जायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला मिळायचं. ते पाजायचं काम सासूबाईंचं. मी त्यांना आई म्हणते. सासरे गेल्यापासून सगळी वाडी त्यांनीच सांभाळली आहे. सुपारीचं शिंपणं, नारळ उतरवून घेणं, व्यापाऱ्याशी हुज्जत, सगळं. उंची पाच फूटसुद्धा नसेल, पण त्यांच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. लेकीला सहा महिने पुरे झाले तेव्हा माझा भाऊ रेवदंड्याहून आला, मामाच्या मानानं त्यानं तिला खिरीचं पहिलं बोट चाटवलं, उष्टावण झालं. पाहुण्यांचे चहा आटोपायच्या आत आईंनी जाहीर केलं की आजपासून पोरीचं खाणं माझ्याकडे. बोलणार कोण?

आमच्या घरात पेजेला मोठा मान आहे. रोज सकाळी मोठ्या टोपात लाल तांदळाची पेज होते. शिजून खाली बसली की वरचं पाणी आई हलक्या हातानं पळीनं काढून घेतात. ते पाणी घरात जो कुणी नाजूक असेल त्याला द्यायचं. तापातून उठलेल्याला, म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला. तांदळाचं सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरतं असं इथे पिढ्यान्पिढ्या मानत आले आहेत. खाली राहिलेला भात आम्ही धडधाकट माणसं मीठ-लोणच्याशी खातो. आता घरात सगळ्यांत नाजूक कोण, तर सहा महिन्यांची नात. तेव्हा पहिलं पाणी तिचं. आई ते बोंडल्यानं पाजायच्या. चोच असलेलं चांदीचं छोटं भांडं, नवऱ्याच्या बाळपणापासून घरात असलेलं. लेक ते गटागटा प्यायची आणि आई माझ्याकडे बघून भुवई उडवायच्या.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट पातळच द्या हं आई, घशात अडकायला नको, असं मीच त्यांना बजावलं होतं. शाळेत असताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा घास अडकलेली लेक यायची. पेजेच्या पाण्याची मला कसलीच भीती नव्हती. पाणीच ते.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी घरी पोचायचे. बोटीत असतानाच छाती भरून ठणकायला लागायची. स्कूटर कशी चालवत होते ते माझं मलाच माहीत. घरी येऊन हातपाय धुऊन लेकीला जवळ घ्यावं, तर ती दोन घोट घेई आणि पंख्याकडे बघत बसे. भूकच नसायची. कारण मी दमूनभागून येते, आल्या आल्या पोर अंगावर नको, म्हणून आई पाच वाजताच तिला पोटभर पेज पाजून ठेवायच्या. त्यांनी ते मायेनंच केलं होतं. मला वाटलं, बरंय, पोर खायला शिकली. मी ओसरीवर बसून अभिमानानं चहा प्यायचे आणि रात्रभर छाती दुखायची.

मग दूध कमी व्हायला लागलं. मधल्या सुट्टीत दोन डबे भरायचे, त्याचा एक झाला, आणि तीन आठवड्यांनी तो एकही अर्ध्यावर आला. मी बेडकासमोर बसून पिळत राहायचे आणि तासाची घंटा व्हायची.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अंगणवाडीत वजनं होती. सेविकेनं लेकीला झोळीत घालून काट्याला अडकवलं. काटा जिथे थांबला तिथे तो मागच्या महिन्यातही थांबला होता. सेविकेनं पुन्हा एकदा बघितलं. तक्त्यावर वर चढत आलेली रेघ तिनं आडवी काढली आणि एवढंच म्हणाली की मी रविवारी घरी येऊन बघते. तोवर रांगेतल्या दोघीतिघींनी मान लांब करून तो तक्ता वाचला होता. माझे कान गरम झाले.

घरी आल्यावर बैठक बसली. आईंनी लेकीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं दूध पातळ झालंय गो. दगदगीनं होतं तसं. तुझा काय दोष नाही."

दोष नाही म्हणाल्या म्हणूनच ते जास्त लागलं. नवरा अडखळत म्हणाला की विकतचं पावडरचं दूध सुरू करून बघू, तुझीही ओढाताण थांबेल. माझा पारा चढला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं आठवतं की बर्फ वाहून वाहून माझा खांदा उतरला आहे तो ओढाताण थांबवण्यासाठी नाही, असं मी ओरडून सांगितलं होतं. शेवटी असं ठरलं की पुढच्या वजनापर्यंत एक महिना. तेव्हाही काटा हलला नाही तर पावडरचं दूध आणायचं आणि मी ही थर्मासची वरात बंद करायची. मी हो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मला कळलं की मी घाबरले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रीजमधलं दूध मी काचेच्या पेल्यात ओतून खिडकीशी धरलं. निळसर दिसत होतं. आरपार खिडकीचे गज दिसत होते. पोरांना अन्नघटक शिकवणारी मी, आणि मलाही खरंच वाटलं की पातळ आहे. इतके दिवस मी खाडी ओलांडून पाणीच आणत होते की काय? ही शरम मी कुणाजवळ बोलले नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्याच सकाळी सेविका आली. ती कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची, आणि घरोघरीच्या पोरांची वजनं तिला तोंडपाठ. पेजेची वेळ होती. आई बोंडल्यानं लेकीला पाजत होत्या आणि आम्ही दोघं ताटं घेऊन बसलो होतो. सेविकेनं आधी लेकीचं पिणं बघितलं. मग तिनं बोंडलं मागून घेतलं आणि त्यातलं थोडं एका रिकाम्या ताटलीत ओतलं. ते पसरत कडेपर्यंत गेलं. तिनं टोपात डोकावून बघितलं, मग आमच्या ताटांकडे बघितलं.

"म्हंजे वरचं पानी पोरीला नि खालचा भात तुमाला," ती म्हणाली. "असं व्हय?"

नवऱ्याचा हात तोंडाशी थांबला. त्या ताटातला भात मला एकदम फार दिसायला लागला. आई म्हणाल्या की सत्त्व वरच्या पाण्यातच असतं, आम्ही काय आज पेज करतो का. सेविकेनं त्यांना उलट उत्तर दिलं नाही. तिनं लेकीची मूठ हातात धरून आईंना दाखवली आणि सांगितलं की पोट एवढंच आहे, ते पाण्यानं भरलं तर दुधाला जागा नाही आणि जेवणालाही नाही. मग माझ्याकडे वळली. मी न विचारताच तिनं ओळखलं असणार.

"आईचं दूध पातळ दिसतं, पातळ नसतं. पोर पीत न्हाय म्हनून ते कमी आलं. भुकेलं पोर अंगावर घ्या, परत येल."

पुढचं तिनं साध्या शब्दांत सांगितलं. आधी दूध, मग खाणं. आणि खाणं असं, की चमचा तिरका केला तर लगेच ओघळायला नको. डाळ, भाजी, तूप, अंडं, मासळी, घरात जे होतं ते मऊ कुस्करून.

मला फार मोह झाला होता आईंकडे विजयी मुद्रेनं बघायचा. पण पातळ द्या असं सांगितलं कुणी होतं? मी सेविकेला ते कबूल केलं. अन्नातले घटक, त्यांचं काम, ते कशात किती, हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढते, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझी लेक तांदळाच्या पाण्यावर होती. नवऱ्यानं हळूच ताट बाजूला सरकवलं.

आईंना ते सगळं झोंबलं. दोन दिवस त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. सगळे निरोप लेकीमार्फत. तुझ्या आईला सांग भाजी झाली आहे, तुझ्या आईला सांग छत्री घेऊन जा. सात महिन्यांची ती बिचारी निरोप्याचं काम हसत हसत करायची. मीही हट्टानं तिच्यामार्फतच उत्तरं दिली.

तिसऱ्या सकाळी उठले तर बोंडलं फडताळात वर गेलेलं. चुलीवर छोट्या टोपात भात, मुगाची डाळ आणि लाल भोपळा एकत्र शिजत होता. आईंनी तो पळीनं इतका घोटला की दाणा उरला नाही, वर तूप घातलं, थोडं निवू दिलं. मग चमच्यात घेऊन माझा हात ओढला आणि माझ्या तळहातावर तो चमचा पुरता उपडा धरला. सेविकेनं तिरका म्हटलं होतं, पण आमच्या आईंना अर्धवट काही चालत नाही.

"बघ, पडतंय का?"

पडत नव्हतं. मी नाही म्हणाले. आमचा अबोला तिथे संपला.

त्या दिवसापासून आईंनी ते काम वाडीच्या कामासारखं अंगावर घेतलं. नाचणीचं सत्त्व पातेल्याच्या कडा सोडीपर्यंत शिजवायचं. केळं कुस्करायचं. आठवडाभरानं हलवा मासळीचा तुकडा उकडून, त्यातला काटान् काटा बोटांनी चाचपून काढून, तो भातात मिसळायचा. मी आणलेलं दूध दुपारी आधी, आणि जेवण मग. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दुपारी तीननंतर लेकीच्या तोंडात काही नाही. ती कुरकुरायला लागली की आई तिला कडेवर घेऊन वाडीत हिंडायच्या, सुपारीच्या शेंड्याकडे बोट दाखवायच्या, विहिरीत डोकावू द्यायच्या, आणि मी फाटकातून आत आले की माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या. ती अशी तुटून पडायची की मला हसू यायचं आणि डोळ्यांत पाणीही यायचं. तास-दीड तासानं तिचं रात्रीचं जेवण. आठवड्याभरात शाळेतला डबा पुन्हा गळ्यापर्यंत भरायला लागला. बेडकाला मी तो उंच करून दाखवला.

मग एक दिवस संध्याकाळची बोट बंद पडली. इंजिन बिघडलं, दुसरी बोट यायला सव्वा तास लागेल असं दिघीच्या जेट्टीवर कळलं. मी घरी फोन करून सांगितलं की आज तिला काहीतरी भरवून टाका, वाट बघू नका. आईंनी हूं म्हणून फोन ठेवला. सातला मी आगरदांड्याला उतरले. समोर रिक्षा उभी. तिच्याशेजारी धक्क्याच्या कट्ट्यावर आई, आणि त्यांच्या खांद्यावर हंबरडा फोडणारी माझी लेक. भरवलं का नाही असं मी विचारलं, तर म्हणाल्या की दूध आधी असं ठरलंय ना. मुरुडपासून इथवर त्या रडणाऱ्या पोरीला घेऊन रिक्षानं आल्या होत्या, रिक्षावाल्याचे शहाणपणाचे चार शब्द ऐकत. मी तिथेच कट्ट्यावर बसले. आईंनी माझ्यासमोर उभं राहून पदर दोन्ही हातांनी पसरवून धरला. माणसं उतरत होती, टोपल्या जात होत्या, आणि पाच फुटांहून कमी उंचीची ती बाई आम्हा दोघींची भिंत होऊन उभी होती. कुणाची मान वळली की नुसती बघायची, ती मान सरळ व्हायची. माझ्या माहेरची दहा माणसं असती तरी मला इतकं सुरक्षित वाटलं नसतं.

महिना संपला. वजनाच्या शनिवारी आई इरकली लुगडं नेसून निघाल्या, जणू लग्नाला. अंगणवाडीत आमच्या पुढे चौघीजणी होत्या. लेकीचे गाल भरलेत हे मला दिसत होतं, पण गालांवर माझा विश्वास उरला नव्हता. सेविकेनं लेकीला झोळीत घातलं, काटा हलला, डगमगला आणि थांबला. वजन साडेचारशे ग्रॅमनी वाढलं होतं. सेविकेनं रेघ काढली ती सरळ वर गेली. आईंनी ऐकू न आल्याचं सोंग करून तिला तो आकडा मोठ्यानं पुन्हा वाचायला लावला. मग खोलीभर नजर फिरवली. मी लेकीचा पापा घेतला आणि रडले. लाज वाटली नाही.

झबलं घालून निघायचं, तर आई जागच्या हलेनात. सेविकेच्या टेबलाशी वाकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? माझं पण पातळ आहे म्हणाल्या होत्या आमच्या सासूबाई. तिसऱ्या महिन्यात बंद करायला लावलं मला. मुलगा मग पेजेवरच वाढला."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. वाडीत ज्यांच्यापुढे कुणाचा आवाज चढत नाही, त्या आई उत्तराची वाट बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

सेविकेनं पेन खाली ठेवलं. "तुमचं पन पातळ नव्हतं, काकू," ती म्हणाली.

मला वाटलं, आई रडतील. मी त्यांच्या दंडाला हात लावला, तो त्यांनी हलकेच बाजूला केला. भिंतीकडेला एक तरुण बाई तान्हं घेऊन बसली होती, आपल्या सासूबरोबर, आणि मघापासून सेविकेला सांगत होती की घरचे म्हणतात दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू करायला हवं. आई सरळ तिच्याकडे गेल्या आणि इरकली लुगड्यासकट तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. लेकीच्या वजनाचा मला अभिमान वाटला होताच, पण आईंचा वाटला तितका आजवर कुणाचाही वाटलेला नाही.

"पाजत राहा," आई त्या मुलीला म्हणाल्या, तिच्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात. "मलाही सांगितलं होतं पातळ आहे म्हणून. खोटं होतं ते."